उषाच्या नावाची तार

आमच्या आईला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण वेळ तिनं कधी चुकवली नाही. गिरणीचा पहिला भोंगा झाला की ती उठायची. दुसऱ्या भोंग्याला आप्पांच्या हातात भाकरीचं फडकं द्यायची. पुढं दिवसभर उंबऱ्यावरचं ऊन बघून तिची कामं चालायची. आम्हा भावंडांची नावंही तिनं अशीच ठेवली. थोरली उजाडताना झाली, ती उषा. मधला भर दुपारी झाला, तो दिनकर. मी दिवेलागणीला झाले म्हणून संध्या. कुणी हसलं तर ती म्हणायची, "मला पंचांग कळत न्हाय. पोर कवा झालं एवढं तरी ध्यानात ऱ्हाईल की."

दिनकर सव्वा वर्षाचा असताना एका दुपारी वारला. त्यानंतर आई दुपारी कधी आडवी झालेली मला आठवत नाही. काहीतरी निवडत, नाहीतर शिवत बसायची.

सोलापूरच्या पूर्व भागाला लागून आमची चाळ होती. दोन्ही बाजूंना तेलुगू विणकरांची घरं, आणि भिंतीपलीकडे मागाची खडखड. आईची बाळंतपणं शेजारच्या विणकरीणबाईंनी केली. सगळी चाळ त्यांना अम्मा म्हणायची. थोरली झाली तेव्हा अम्मा दार उघडून बाहेर आल्या आणि पहिल्यांदा आभाळाकडं बघून म्हणाल्या, "तेल्लवारिंदी!" म्हणजे उजाडलं. बाहेर आप्पा जीव मुठीत धरून बसलेले. त्यांना वाटलं, मुलगा झाला की मुलगी झाली ते अम्मा सांगताहेत. पुढं कितीतरी वर्षं ते अक्काला चिडवायचे, "तू मुलगी बी न्हवंस आन मुलगा बी न्हवंस. तू नुसती तेल्लवारिंदी हायस."

बारशाला आत्या घरून नाव ठरवूनच आली होती. कृष्णाबाई. ते तिच्या सासूचं नाव. नणंदेपुढं तोंड न उघडणारी आमची आई बाजेवरून म्हणाली, "पोर उजाडताना झालीया वन्सं. उषाच ठिवा." आत्यानं गाल फुगवले, पण बाळाच्या कानात कुर्र करून तेच नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणं बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्या दिवशी ते जरा जास्तच जोरात बसले, असं आई हसत हसत सांगायची. उभ्या आयुष्यात तिचा एवढा एकच हट्ट चालला होता.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी अक्काचं लग्न झालं. करकंबचं स्थळ होतं. शेतकरी घर, विहिरीला पाणी, दाजी कमी बोलणारे आणि सरळ. पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर गेले. मला सतरावं लागलं होतं आणि राग कायम नाकावर होता. सासरचं घर गावात नव्हतं. गावाच्या पूर्वेला ओढ्यापलीकडं त्यांचं रान होतं आणि रानातच घर. सारं गाव त्याला उगवतीचा मळा म्हणायचं. ते नाव ऐकून मला भलताच आनंद झाला. बैलगाडीतच मी अक्काच्या कानाशी लागले, "उगवतीच्या मळ्यात उषा! आईनं बारशालाच तुझं सासर ठरवलं होतं बघ." ती पदराआड हसली.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले. नव्या नवरीचं सासरचं नवं नाव नवऱ्यानं अंगठीनं तांदळात लिहायचं, ही पद्धत मला माहीत होती. पण आमच्या अक्काच्या बाबतीत ती पाळली जाईल असं का कोण जाणे, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दाजींनी खाली मान घालून लिहिलं, प्रभा.

"हे काय?" मी सगळ्यांदेखत म्हटलं. "हिचं नाव उषा आहे."

बायका हसल्या. अक्काच्या सासूबाई मला जवळ घेऊन समजुतीनं म्हणाल्या, "आगं, आमच्या भावकीत येक उषा हाय की. गावठाणात ऱ्हाती. आडनाव बी येकच. दोन उषा झाल्या तर हाक येकीला आन पळायच्या दोघी! प्रभा म्हंजी बी उजेडच की."

ती भावकीतली उषा तिथंच बसली होती. अक्काहून पाचसहा वर्षांनी मोठी, गोल चेहऱ्याची, हातभर बांगड्यांची. "माझं नाव न्यायला आली व्हतीस व्हय गं?" ती अक्काला म्हणाली. "न्हाय द्यायची मी." पुन्हा सगळ्या हसल्या. अक्कासुद्धा हसली. सासूबाईंनी तळव्यानं ताटातले तांदूळ सारखे केले आणि दुसऱ्या दिवशी तेच शिजवले. मी डोकं दुखतंय म्हणून जेवले नाही.

घरी येऊन मी आईपुढं थयथयाट केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं निवडायचं ताट बाजूला ठेवलं नाही.

"तितलं नाव तितं," ती म्हणाली. "पोरगी सुखात हाय न्हवं? मग झालं."

"पण तू ठेवलं होतंस ना ते नाव!"

"ठिवलं व्हतं. आता दिलं."

एवढंच बोलून ती परत निवडायला लागली. मला तिचा फार राग आला. आत्यापुढं भांडणारी बाई विहिणीपुढं अशी गप्प कशी बसते, ते मला कळेना. आज कळतं. तिला लेकीला तिथं नांदताना बघायचं होतं. नाव धरून बसायला तिला सवड नव्हती.

आईच्या वतीनं अक्काला पत्र मी लिहायची. मजकूर माझ्यावर सोडायची, पण पत्त्याच्या बाबतीत ती फार काटेकोर. मी लिहून झालं की मोठ्यानं वाचायला लावायची. सौ. प्रभा, मग दाजींचं नाव, मग आडनाव, मग उगवतीचा मळा, मग करकंब. एक शब्द गाळू द्यायची नाही. "निम्मं गाव त्याच आडनावाचं हाय," असं दर वेळी बजावायची. मी दर वेळी तोंड वाकडं करून प्रभा लिहायची. अक्काचं उत्तर आप्पांच्या नावानं यायचं आणि खाली सही असायची, सौ. प्रभा. पण त्याच पाकिटात बारीक घडी केलेली एक चिठ्ठी माझ्यासाठी असायची. तिच्याखाली ती लिहायची, तुझी उषाअक्का. ती चिठ्ठी मी कुणाला दाखवत नसे. माझ्या लेखी तेवढीच आमची अक्का उरली होती. बाकीची त्यांची.

पहिल्या वर्षी ती दिवाळीला आली, पंचमीला आली. बोलताना व्हय म्हणायला लागली होती, आणि मी तिला त्यावरून छळ छळ छळलं. पुढं येणं कमी झालं. सासूबाईंचे गुडघे धरले, उसाच्या लागणी सुरू झाल्या, आज येते उद्या येते होत गेलं. आई बोलून दाखवत नव्हती. पण तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आई तापानं पडली, तेव्हा तिला लेकीचं तोंड बघून अकरा महिने झाले होते.

साधा ताप म्हणून चार दिवस घरीच काढले. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बोलावून सांगितलं की कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी आईच्या उशाशी होते. ती ग्लानीत होती आणि सारखं एकच विचारत होती, "उषा आली का? उषा कुटं हाय?"

तीन वर्षं मला प्रभा लिहायला लावणारी बाई. मला रडू आलं. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडा विजयही होता. बघ, तुझ्याही तोंडी शेवटी उषाच आली ना, असं मला वाटलं. आई मरणाच्या दारात आणि मला हे वाटत होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आप्पांनी मला तार करायला पाठवलं. घरात इंग्रजी लिहिता येणारी मी एकटी. सात रस्त्याच्या बाजूनं जवळजवळ धावतच मी तार ऑफिस गाठलं आणि फॉर्मवर आईच्या शिस्तीनं सगळा पत्ता लिहायला घेतला. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, पत्ता जरा आटोपशीर लिहा. एवढा लांबलचक नको." मी दुसरा फॉर्म घेतला. उगवतीचा मळा गाळला. दाजींचं नाव गाळलं. राहिलं नाव, आडनाव आणि गाव.

प्रभामधला पी काढून झाला होता. पेन तिथं थांबलं. आई त्या नावानं हाक मारत नव्हती. ती उषाला बोलावत होती, आणि तार तिची होती. मी पी खोडला आणि उषा लिहिलं. खाली मजकूर, मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली, फादर. कारकुनानं शब्दांवरून पेन्सिल फिरवली आणि कागद आत घेतला. बाहेर आले तेव्हा मला खूप दिवसांनी काहीतरी बरोबर केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याला आईनं डोळे उघडले. "उजाडलं का गं?"

"उजाडलं."

"मग येईल आता. पयल्या गाडीनं."

मी एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिले. पंढरपूरकडून आलेल्या प्रत्येक गाडीतून उतरणारं प्रत्येक लुगडं बघितलं. दुपार झाली, ऊन डोक्यावरून कललं. परत आले तर आप्पा भिंतीला टेकून बसले होते. "माहेर एवढं जड झालं व्हय तिला?" ते म्हणाले. मी त्यांना आवरायला हवं होतं. मी आगीत तेल ओतलं. आईच्या कानाशीच म्हणाले, "तिला तिच्या घरचं पडलंय. आपण कोण?"

आईनं डोळे न उघडता मान हलवली. "तसं म्हनू ने. अडलं असंल काय तरी."

तिसऱ्या दिवशीही मी स्टँडवर गेले. एकेक गाडी येत होती आणि रिकामी होत होती. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते शब्दशः आठवतं. उषा असती तर आली असती, ही प्रभा आहे, म्हणून आली नाही.

त्याच दिवशी बाराच्या सुमाराला आई गेली. आमच्या घराला दुसऱ्यांदा दुपार वाईट निघाली.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का आली. चाळीच्या तोंडापासून ती पळत येत होती, मागून दाजी. दारात आली आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथं आईच्या जागी दिवा लावलेला होता. ती उंबऱ्यावरच खाली बसली. रडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. शेजारच्या अम्मा धावत आल्या आणि त्यांनी तिला उराशी धरलं तेव्हा कुठं तिला हुंदका फुटला. तिच्या मुठीत एक कागद होता. घामानं भिजून मऊ झालेला. आमचीच तार.

काय झालं ते दाजींनी थांबत थांबत सांगितलं. तार त्याच दिवशी दुपारी करकंबला पोचली होती. पोस्टमननं नाव, आडनाव बघितलं आणि गावठाणातल्या उषाच्या हातात दिली. त्याची काहीच चूक नव्हती. उषा त्या गावात ती एकटीच. तिचं माहेर माढ्याला, आई तिथं, वडीलही हयात. भाऊ सोलापुरात नोकरीला, त्यामुळं तार सोलापूरहून आल्याचं कुणाला नवल वाटलं नाही. खाली फादर लिहिलेलं. वडील दोघींनाही होते. मास्तरांनी तार वाचून दाखवताच ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली.

माढ्याला पोचली तेव्हा तिची आई अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होती. धडधाकट. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून आधी रडल्या आणि मग हसल्या. सोलापूरच्या भावानं काय घोटाळा केला म्हणून त्याला सगळ्यांनी नावं ठेवली. आई लेकीला म्हणाली, "आता आलीच हायस तर ऱ्हा दोन दिस. येरवी कुटं यीती तू?" दुसऱ्या दिवशी तिनं लेकीसाठी पुरण घातलं. तिसऱ्या दिवशी दिवस मावळता मावळता उषा करकंबला परतली, तेव्हा गाडीतून उतरता उतरता तिला आठवलं, मळ्यातल्या सुनेचं आधीचं नाव. ती घरी न जाता कागद घेऊन तशीच ओढा ओलांडून उगवतीच्या मळ्याकडं पळत सुटली.

आमच्या आईच्या तारेवर दुसऱ्याच आईला तिची लेक भेटली. मी स्टँडवर ज्या दिवशी अक्काला शिव्या देत होते, त्या दिवशी अक्का मळ्यात निवांत होती. सासूबाईंच्या गुडघ्यांना शेक देत होती. तिला काहीही माहीत नव्हतं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "पत्त्यावर काय लिवलं व्हतंस?"

"सवयीनं उषा लिहिलं गेलं," मी म्हणाले.

सवयीनं नव्हतं ते. तीन वर्षं माझ्या हाताला प्रभाचीच सवय होती. अक्कानं मान वर करून माझ्याकडं एकदा बघितलं. तिला कळलं. लहानपणापासून माझं खोटं तिला कळायचंच.

दहाव्याला करकंबची उषा आली, आणि तिच्याबरोबर माढ्याहून तिची आई. ठेंगणी, उन्हानं रापलेली म्हातारी. आमच्या घरात तिचं कुणीच नव्हतं. ती भिंतीशी बसून राहिली, पाण्याला हात लावला नाही. मग सरकत सरकत अक्काजवळ गेली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तुझ्या आईच्या वाट्याची भेट मी घेतली गं पोरी. मला काय ठावं? मी पुरान घातलं, ग्वाड लागलं मला." आणि ती लहान पोरासारखी रडायला लागली. तिची लेक शेजारी मान खाली घालून बसली होती. अक्कानंच दोघींची समजूत काढली. मी उठून मोरीत गेले आणि तोंडात पदर कोंबला. ती म्हातारी रडत होती आणि जिनं सगळं केलं ती मी कोरडी बसले होते, ते मला सोसलं नाही.

चौदाव्या दिवशी अक्का निघाली. मी तिचं गाठोडं बांधत होते. इतके दिवस जिभेवर असलेलं सांगावं म्हणून मी हाक मारली, "उषाअक्का..."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "ते नाव आता नगं," ती म्हणाली. "आईनं दिल्यालं व्हतं, आई घिऊन गेली. प्रभाअक्का म्हन मला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. तिनं मला तेवढीही जागा ठेवली नाही. मी मान डोलावली. सांगायचं होतं ते तसंच राहिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. सासरी तांदळाचं ताट पुढं आलं तेव्हा आप्पांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ही पोरगी आता सगळ्यांदेखत भांडण काढणार, असं त्यांना वाटत होतं. नवऱ्यानं हळूच विचारलं, "चालेल ना?" मी म्हणाले, "लिहा." त्यांनी लिहिलं. मी त्या नावाला लगेच ओ दिली. सगळ्यांना माझं फार कौतुक वाटलं. पोरगी शहाणी झाली म्हणाले.

सासरी गेल्यावर पहिलं कार्ड मी अक्काला टाकलं. त्यात दुसरं काहीच नव्हतं. माझं नवं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गल्ली, घराची खूण, सगळं ठळक अक्षरांत, आणि खाली एवढंच, की याच पत्त्यावर लिहीत जा, एकही शब्द गाळू नकोस.

आठ दिवसांत पाकीट आलं. पत्ता अगदी बिनचूक. नवं नाव, गल्ली, घराची खूण. एक शब्द गाळलेला नव्हता. मी ते उघडलं आणि पहिल्याच ओळीला थांबले. तिनं लिहिलं होतं, प्रिय संध्या.

त्या घरात मला त्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. आईनं दिवेलागणीला ठेवलेलं माझं नाव अक्कानं जपून ठेवलं होतं आणि घडी घालून मला पाठवलं होतं. मी ते तिथल्या तिथं उभ्यानंच पुन्हा पुन्हा वाचलं. पुढं नेहमीचंच होतं. सासूबाईंचे गुडघे, कडबा, विहिरीचं पाणी, गावठाणातल्या उषाला झालेली मुलगी. मग मी घाईनं पान उलटलं आणि चिठ्ठीच्या खाली, जिथं पूर्वी ती सही करायची तिथं बघितलं.

तिनं लिहिलं होतं, तुझी प्रभाअक्का.